ट्रामचा दर्शनी भाग कापू नका : छायाचित्र-संग्रहांच्या चालकांना खुले पत्र

माननीय विश्वस्त, संग्रहपाल आणि अभिलेख-अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मुंबईच्या गिरणगावाची जुनी छायाचित्रे ज्या संग्रहांत जपून ठेवलेली आहेत, त्या सर्व संग्रहांच्या चालकांना मी हे पत्र लिहीत आहे. गेल्या महिन्यात अशाच एका संग्रहाच्या वाचनकक्षाबाहेर लावलेली सूचना मी वाचली. ‘रस्ते व वाहने – अनोळखी’ असा शिक्का असलेल्या सात खोक्यांतील छायाचित्रे लहान आकारात स्कॅन करून मूळ प्रती निकालात काढल्या जातील आणि जुन्या नोंदींतील चुकांबाबतचे अर्ज यापुढे स्वीकारले जाणार नाहीत, असे तीत म्हटले होते. त्या संस्थेचे नाव मी येथे घेत नाही. तेथील कर्मचाऱ्यांनी मला अनेक वर्षे आपुलकीने वागवले आहे, आणि जो निर्णय आज तिथे झाला तो उद्या दुसरीकडेही होऊ शकतो. जागा अपुरी आहे, माणसे कमी आहेत, पैसा नाही, या अडचणी मला ठाऊक आहेत. तरीही हा निर्णय मुकाट्याने मान्य करणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, हे आधी सांगतो. मी लालबागच्या चाळीत वाढलो. माझे वडील ट्राम चालवत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आईचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभा होतो. पुढे मी मोटारदुरुस्तीचे काम शिकलो आणि छत्तीस वर्षे फिटर म्हणून त्याच कामावर राहिलो. निवृत्त झाल्यावर मी जुन्या छायाचित्रांतील वाहने ओळखून त्यांच्या नोंदी ठेवू लागलो. कोणत्या छायाचित्रात कोणती गाडी आहे, ती कशावरून ओळखली, तिच्यावरून छायाचित्राचा काळ कोणता ठरतो, हे सारे लिहिलेल्या माझ्या अकरा वह्या आज भरलेल्या आहेत. हा छंद आहे असे कोणी म्हटले तर माझी हरकत नाही, पण ज्या छायाचित्रांच्या पाठीवर एक अक्षरही नाही, त्यांचा काळ सांगणारे दुसरे साधन बहुतेक वेळा हाती नसते.

ज्या छायाचित्रामुळे मी या वादात पडलो, ते ट्रामचे आहे. लालबागकडून परळकडे जाणारी ट्राम, डावीकडे गिरणीचे दार, दारात पाळी सुटल्यावरची गर्दी, उजव्या कडेला दोन मोटारी आणि एक हातगाडी, असे ते दृश्य. संग्रहाच्या नोंदीत त्याखाली ‘लालबाग, सुमारे १९७०’ असे लिहिलेले आहे. मुंबईत १९६४ च्या मार्चनंतर एकही ट्राम धावली नाही. रस्त्यात नुसते रूळ दिसले असते तर मी गप्प बसलो असतो, कारण ट्राम बंद झाल्यावरही रूळ कित्येक ठिकाणी डांबरात तसेच राहिले होते आणि रुळांवरून काहीच सिद्ध होत नाही. येथे मात्र ट्राम चालू आहे, तिचा दांडा वरच्या तारेला लागलेला आहे, पायरीवर माणसे लोंबकळत आहेत. म्हणजे छायाचित्र १९६४ च्या मार्चनंतरचे असू शकत नाही.

आता छायाचित्र केव्हाच्या आधीचे नाही, ही हद्द. दोन मोटारींपैकी पहिली जुन्या बांधणीची फियाट आहे. तिच्या गोलसर, फुगीर अंगामुळे मुंबईत तिला डुक्कर फियाट म्हणत. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून पुढे बाहेर पडली. दुसरी मोटार अर्धीच दिसते, पण तिचे मागचे टोकदार मडगार्ड आणि एकाच बाजूचे एकच रुंद दार ध्यानात घेतले तर ती स्टँडर्ड हेराल्ड आहे यात मला शंका नाही. मद्रासच्या कारखान्यात ती १९६१ मध्ये तयार होऊ लागली. गर्दीच्या मागे एक स्कूटरही आहे. तिचे पुढचे मडगार्ड चाकाबरोबर वळलेले दिसते, म्हणून ती व्हेस्पा असावी. लँब्रेटाचे मडगार्ड जागचे हलत नाही. परंतु बजाजने पुण्यात व्हेस्पा बनवायला घेण्यापूर्वीही इटलीहून आलेल्या काही स्कूटर आपल्याकडे होत्या, म्हणून स्कूटरवर मी विसंबलो नाही. हेराल्ड आणि ट्राम या दोघींनी मिळून छायाचित्राचा काळ १९६१ ते मार्च १९६४ असा बांधून दिला. नोंदीतील ‘सुमारे १९७०’ पेक्षा ही तीन वर्षे किती नेमकी आहेत, हे आपण पाहावे.

हे सर्व मी दोन पानांवर लिहून दिले. सात महिन्यांनी उत्तर आले की मूळ नोंदीत बदल करण्याची पद्धत नाही. त्यानंतर तेच छायाचित्र एका प्रदर्शनात मोठे करून लावलेले दिसले. ते चौकोनी चौकटीत बसावे म्हणून त्याच्या दोन्ही कडा कापल्या होत्या. उजवीकडच्या मोटारी गेल्या होत्या आणि डावीकडे ट्रामचा दर्शनी भाग गेला होता, जिथे चालक उभा असतो तो. त्या चालकाचा चेहरा मूळ प्रतीतही नीट दिसत नाही. ते माझे वडील होते असा माझा दावा नाही. त्या मार्गावर अनेक चालक होते. पण ज्या माणसाच्या हातात ती ट्राम होती, त्याला कापून टाकून उरलेल्या चित्राला ‘गिरणगावाचा कामगार’ असे शीर्षक दिले होते, आणि त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभा राहिलो होतो.

यावरून मी माझ्या तक्रारींकडे येतो.

पहिली तक्रार कडा कापण्याची. छायाचित्रकाराने गिरणीचे दार टिपले, नेता टिपला, मिरवणूक टिपली; कडेला उभी असलेली मोटार त्याने मुद्दाम टिपलेली नव्हती आणि म्हणूनच ती खोटे बोलत नाही. चित्राच्या मधोमध जे आहे ते बहुधा सजवलेले, उभे केलेले असते. कडेला जे चुकून आले, त्यात त्या दिवसाची खरी खूण असते. संकेतस्थळावर छायाचित्रे देताना ती एकाच मापात कापण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यात हीच खूण सर्वांत आधी जाते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, कारण ती इतिहासाच्या विपर्यासाची आहे. गिरणीच्या दारापुढे बसलेल्या कामगारांचे एक छायाचित्र ‘१९८२ च्या संपातील दृश्य’ या मथळ्याखाली वारंवार वापरले जाते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपाने आमच्या चाळीतील बहुतेक घरे उद्ध्वस्त केली, त्यामुळे त्या वर्षाचे नाव कोणी कशालाही लावले तर आम्हाला लागते. त्या छायाचित्रात मागे पेट्रोलपंप आहे आणि पंपावर एस्सो या परदेशी तेल कंपनीची लंबगोल पाटी आहे. एस्सोचा येथील व्यवसाय सरकारने १९७४ मध्ये ताब्यात घेतला आणि त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम उभी राहिली. पाट्या उतरवायला काही महिने लागले असतील, पण आठ वर्षे नक्कीच लागली नाहीत. शिवाय रस्त्यावर चार फियाट आहेत आणि त्यांतली एकही पुढच्या काळात पद्मिनी या नावाने निघालेली फियाट नाही. हे छायाचित्र १९७४ च्या संपाचे आहे की आणखी आधीचे, हे मला सांगता येत नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण ते १९८२ चे नाही. दारापुढे बसलेल्या त्या माणसांनी वेगळ्या वेळी, वेगळ्या मागण्यांसाठी केलेला लढा आपण त्यांच्याकडून काढून घेतला आहे.

याच छायाचित्रात एक मालट्रक आहे आणि त्याच्या जाळीवर तीन टोकांचा तारा, म्हणजे मर्सिडीजचे चिन्ह, आहे. एका तरुण अभ्यासकाने त्यावरून छायाचित्र १९६९ पूर्वीचे ठरवले होते. टाटांच्या टेल्को कंपनीचा मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझशी झालेला पंधरा वर्षांचा करार १९५४ ते १९६९ असा होता आणि त्यानंतर नव्या गाड्यांवरचा तारा जाऊन टाटांचे स्वतःचे चिन्ह आले, इथवर त्याचे म्हणणे बरोबर होते. पण मालट्रक वीस-वीस वर्षे चालतो. मी स्वतः ताऱ्याचे ट्रक १९८० नंतरही दुरुस्त केले आहेत. गाडी आपल्याला एवढेच सांगते की छायाचित्र तिच्या जन्मापूर्वीचे नाही. ते केव्हाच्या नंतरचे नाही, हे सांगायला बंद पडलेली ट्राम, उतरवलेली पाटी किंवा पाडलेली इमारत लागते. हा भेद ज्याला कळतो त्याच्याच हाती तारीख द्यावी. वाहनांवरून घाईने केलेल्या चुकाही मी पाहिल्या आहेत, आणि त्या टाळण्यासाठीच छायाचित्रे अनेकांनी मिळून वाचली पाहिजेत असे माझे म्हणणे आहे.

तिसरी तक्रार स्थळांच्या नोंदींची. ‘परळ येथील गिरणी’ असे लिहिलेल्या एका छायाचित्रात गिरणीच्या भिंतीलगत रिक्षांची रांग उभी आहे. मुंबई बेटावर, म्हणजे शीव आणि माहीमच्या अलीकडे, ऑटोरिक्षांना परवानगी नाही, हे येथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ते छायाचित्र परळचे नसून उपनगरातील आहे, आणि मागच्या टेकडीचा उतार पाहता कुर्ला-चुनाभट्टीच्या बाजूचे असावे. गिरण्या कुर्ल्यालाही होत्या. ती चूक दुरुस्त झाली तर कुर्ल्याच्या कामगारांना त्यांचे एक छायाचित्र परत मिळेल.

दुसरे एक छायाचित्र तर ‘ग्रामीण जीवन’ या खोक्यात सापडले, कारण त्यात बैल आहेत. तो खटारा आहे. आज मोडक्या गाडीला खटारा म्हणतात, पण माझ्या लहानपणी ते रुईच्या गाठी वाहणाऱ्या जड बैलगाडीचे साधे नाव होते आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांपासून गिरण्यांपर्यंत असे खटारे ओळीने चालत. त्या छायाचित्रात गाडीवर लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गाठी स्पष्ट आहेत, मागे मालगाडीचा डबा आहे, वरच्या कोपऱ्यात धुराड्याचा तुकडा आहे. देशातल्या एका मोठ्या औद्योगिक शहराचा कच्चा माल कसा वाहिला जात होता, याचा तो पुरावा खेड्याच्या खोक्यात पडून होता. खटारा, छकडा, रेकला, व्हिक्टोरिया आणि शिग्राम या सर्वांना नोंदवहीत ‘बैलगाडी’ किंवा ‘घोडागाडी’ असे दोनच शब्द लावलेले आहेत. माल वाहणारी गाडी कोणती आणि माणसे वाहणारी कोणती, भाड्याची कोणती आणि शेठजींच्या घरची कोणती, हा फरक त्यात पार पुसला गेला आहे.

चौथी तक्रार नव्या तंत्राची आहे. काही संग्रहांनी कृष्णधवल छायाचित्रे संगणकाकडून रंगवून आणि ‘स्वच्छ’ करून घेतली आहेत व संकेतस्थळावर मूळ प्रतीऐवजी तीच ठेवली आहेत. अशा एका छायाचित्रात टॅक्सीच्या नंबरपाटीवर मुळात बी आणि एम ही अक्षरे आणि दोन आकडे वाचता येत होते. रंगवलेल्या प्रतीत त्या जागी कोणत्याही लिपीत नसलेल्या खुणा आल्या आहेत. पुढची जाळी गुळगुळीत झाली आहे आणि गाडी आता कोणतीच राहिलेली नाही. नंबरपाटी हा वाहन वाचणाऱ्याचा पहिला आधार असतो. १९८९ च्या सुमारास एमएच आणि त्यापुढे कार्यालयाचा क्रमांक अशी पाटी सुरू झाली. त्याआधी मुंबईत बीएम, एमआर अशा अक्षरांच्या मालिका होत्या. पाटीतली पहिली दोन अक्षरे एमएच अशी वाचता आली तर छायाचित्र त्या बदलाच्या आधीचे नाही, हे कळते. यंत्राने अंदाजाने भरलेली पाटी मात्र खोटी साक्ष देते आणि ती खोटी आहे हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्गही राहत नाही.

पाचवी तक्रार प्रतींच्या पाठीची. छापील प्रतीच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलने लिहिलेला अनुक्रमांक असतो, कधी वृत्तपत्राची चिकटवलेली चिठ्ठी असते. मी पाहिलेल्या एकाही स्कॅनमध्ये प्रतीची मागची बाजू घेतलेली नाही. मूळ प्रती निकालात काढल्यावर ती कायमची जाईल.

आता त्या सात खोक्यांविषयी. ती मी स्वतः तीन पावसाळ्यांत मिळून चाळली आहेत आणि त्यांना ‘अनोळखी’ म्हणणे मला पटत नाही. त्यांतल्या एका प्रतीत बसच्या मागे उभ्या टाकीसारखे काहीतरी बसवलेले आहे आणि पुढच्या दिव्यांवर झाकणे आहेत. ती टाकी कोळशाच्या वायूची आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली तेव्हा गाड्या अशा वायूवर चालवल्या जात, आणि दिव्यांवरची झाकणे अंधारबंदीची आहेत. म्हणजे त्या प्रतीचा काळ चार-पाच वर्षांच्या आत आणता येतो. दुसऱ्या एका प्रतीत लष्करी बांधणीचे ट्रक खासगी मालाने भरलेले आहेत. युद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेले हे ट्रक अनेक वाहतूकदारांनी घेतले होते, त्यामुळे ती १९४५ नंतरची. एका प्रतीत दुमजली बस आहे, म्हणजे ती १९३७ पूर्वीची नाही. आणखी एकीत दोन तारांना दोन दांडे लावलेली रबरी चाकांची बस आहे. ती ट्रॉलीबस. मुंबईत ती गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर १९६२ ते १९७१ एवढीच धावली, त्यामुळे त्या प्रतीचा काळही कळतो आणि रस्ताही कळतो. आपल्या नोंदवहीत हिला ‘ट्राम’ म्हटले आहे. ट्रामला लोखंडी चाके असतात आणि रूळ लागतात. या चित्रात रूळ नाहीत.

याहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती मला मनापासून सांगायची आहे. या शहरात मोटारी येत होत्या, तशाच त्या बनतही होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. फोर्डचीही जुळणी मुंबईत होत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात आधी क्रायस्लर गटाच्या मोटारी व ट्रक जोडले आणि मग फियाट घडवली. महिंद्रांची पहिली जीप माझगावात जोडली गेली. भांडुपला लँब्रेटा स्कूटर तयार झाल्या. गिरणीच्या दारात उभी असलेली फियाट ही गिरणीतल्या कापडाइतकीच मुंबईच्या कामगाराच्या हातची वस्तू आहे. गिरणी तेवढी उद्योगात मोजायची आणि समोरची मोटार म्हणजे चित्रात आलेली अडचण समजायची, या वर्गवारीमुळे कुर्ल्याच्या, भांडुपच्या, शिवडीच्या कामगारांचे काम आपल्या नोंदींत कुठेच दिसत नाही. गिरण्यांच्या आठवणी निदान बोलल्या जातात. जोडणी-कारखान्यांच्या आठवणी सांगणारे फार थोडे उरले आहेत. शिवडीच्या कारखान्यात काम केलेला कोणी आता भेटण्याची आशा मला नाही.

ही वाहने आता रस्त्यावरूनही नाहीशी झाली आहेत. शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून बंद झाली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बेस्टची जुन्या बांधणीची डिझेलवरील दुमजली बस शेवटची धावली. माझी नात आता विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस पाहते आणि जुनी बस कशी होती असे मला विचारते. तिला दाखवायला माझ्याकडे छायाचित्रांशिवाय काही नाही. आम्ही लोक ट्रामची घंटा कानाने ओळखणारे, गाडीचा आवाज ऐकून यंत्रातला बिघाड सांगणारे होतो. पुढच्या माणसांना हे सारे डोळ्यांनीच वाचावे लागणार आहे, आणि त्यासाठी मूळ प्रत शाबूत असली पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. ‘अनोळखी’ ठरवलेली छायाचित्रे निकालात काढण्याचा निर्णय तातडीने स्थगित करावा. जागेची खरोखरच अडचण असेल तर प्रती नष्ट न करता त्या सांभाळण्यास तयार असलेल्या दुसऱ्या सार्वजनिक संग्रहाकडे सोपवाव्यात आणि तशी नोंद जाहीर करावी.

२. प्रत्येक प्रत पूर्ण, न कापता, पांढऱ्या कडांसह आणि मागच्या बाजूसह स्कॅन करावी. नंबरपाटी आणि जाळी वाचता येईल एवढा स्कॅनचा आकार असावा. आकार परवडत नसेल तर थोड्या प्रती कराव्यात, पण नीट कराव्यात.

३. प्रत्येक नोंदीत एका अंदाजे सालाऐवजी दोन साले द्यावीत: याच्या आधीचे नाही आणि याच्या नंतरचे नाही. दोन्हींपुढे आधार लिहावा. जिथे आधार नाही तिथे जागा रिकामी ठेवावी.

४. चुकांबाबतचे अर्ज पुन्हा स्वीकारावेत. जुनी नोंद पुसू नये असे आपले म्हणणे असेल तर मला ते मान्य आहे. जुनी नोंद तशीच ठेवून तिच्याखाली दुरुस्ती, तिचा पुरावा आणि तारीख लिहावी.

५. संगणकाने रंगवलेल्या किंवा सुधारलेल्या प्रतींवर तसे ठळक लिहावे आणि त्यांच्याशेजारी मूळ प्रत ठेवावी. मूळ प्रतीच्या जागी त्या कधीही ठेवू नयेत.

६. महिन्यातून एक दिवस जुन्या चालकांना, वाहकांना, फिटरांना, टॅक्सीवाल्यांना आणि कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांना बोलावून त्यांच्यासमोर अनोळखी छायाचित्रे ठेवावीत. त्यांनी सांगितलेले त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावे आणि दोघांचे सांगणे वेगळे पडले तर दोन्ही लिहावे. यासाठी एक टेबल, एक भिंग आणि लिहून घेणारा एक माणूस एवढेच लागते. वयामुळे जिना चढणे अनेकांना अवघड जाते, म्हणून ही बैठक तळमजल्यावर घ्यावी.

सहाव्या मागणीवर माझा सर्वांत अधिक भर आहे, कारण बाकीची कामे पाच वर्षांनी करता येतील, हे एक येणार नाही. माझ्या ओळखीच्या तीन माणसांनी ट्राम प्रत्यक्ष चालवली होती. आज त्यांपैकी कोणीही हयात नाही. फियाटची सुरुवातीची मॉडेले हाताळलेले मिस्त्री अजून आहेत, पण ते ऐंशीच्या घरात आहेत.

माझ्या अकरा वह्या मी आपल्यापैकी कोणत्याही संग्रहाला विनामूल्य देण्यास तयार आहे. त्यांत माझ्या चुका आहेत, आणि त्या जिथे लक्षात आल्या तिथे मी त्या तांबड्या शाईने दुरुस्त केल्या आहेत. त्या तशाच राहू द्याव्यात. स्वेच्छेने काम करायला आठवड्यातून दोन दिवस येण्याचीही माझी तयारी आहे आणि आणखी चौघे जण माझ्याबरोबर येतील.

ज्या संग्रहाच्या दारावरची सूचना वाचून मी हे लिहिले, त्याच्या विश्वस्तांना एक शेवटची विनंती. सात खोक्यांपैकी चौथ्या खोक्यात, निळ्या दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्यात, लालबागच्या त्या ट्रामची न कापलेली प्रत आहे. बाकी कशाचाही निर्णय होण्यापूर्वी ती बाजूला काढून ठेवावी आणि तशी ठेवल्याचे मला लेखी कळवावे.

आपला नम्र,
लालबागचा एक निवृत्त मोटार-फिटर